‘कैसराचं कैसराला’: भरून द्या, परत द्या की फेडा?

नगरची_लेक:
आमच्या मंडळीच्या तरुण संघासाठी एक पुस्तिका सोप्या मराठीत करतेय, बायबलमधल्या एका ओळीवर अडलेय. रोमी बादशहाला कर द्यावा का, या प्रश्नाला येशूचं उत्तर: कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या. पोरं विचारतात कैसर कोण, आणि भरून द्या म्हणजे फी भरतो तसं का? पण अडण्याचं कारण जुनंय. दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीत घ्या म्हणून मोर्चा होता (१९५० च्या आदेशात फक्त हिंदू, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध, आपण अजून बाहेरच), तर मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी उपासना सुटल्यावर हीच ओळ म्हणून दाखवली, सरकारचं सरकार बघेल, आपण त्यात पडायचं नाही. माझे आजोबा चपला घालून दारात उभे होते, ते परत आत आले आणि टोपी खुंटीला लावली. या ओळीचा अर्थ खरंच तसा होतो का?

जुनी_वही:
भरणेच ठेवा. सारा भरतो, घरपट्टी भरतो, सगळ्यांना कळतं.

ग्रीक_शिकतोय:
कळतं, पण अर्धंच. विचारणारे म्हणतात कर ‘द्यावा’ की नाही, तिथे ग्रीकमध्ये साधं देणं आहे, दूनाई. येशूच्या उत्तरात क्रियापद बदलतं, अपोदोते, त्यातला अपो म्हणजे परत. बायबलमधला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणतो ना, तिथे हेच क्रियापद आहे. येशूने मागून घेतलेल्या कराच्या नाण्यावर तोंड कैसराचं म्हणून नाणं त्याला परत, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा म्हणून माणूस देवाचा. तुमच्या आजोबांना त्या ओळीने अडवायला नको होतं.

जुनी_वही:
मग ‘फेडा’ लिहा की. कर्ज फेडतात, नवस फेडतात, दोन्हीकडे बसतं.

नगरची_लेक:
फेडा आवडलं, पण नवस शब्द आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत चालणार नाही.

वसईची_वाडी:
आम्हा कॅथलिकांकडे चालतो, बांद्र्याच्या माउंट मेरीला नवस फेडायला आजी दरवर्षी जायची, मेणबत्त्या घेऊन.

शुद्धमती:
पण कैसर कशाला? सम्राट लिहा. परके शब्द किती दिवस वागवायचे.

जुनी_वही:
कैसर परका कसा, केसरीवरूनच असणार, राजा म्हणजे सिंह.

ग्रीक_शिकतोय:
नाही हो, केसरी आयाळीवरून. हा लॅटिन सीझर, ग्रीकमध्ये कायसार, अरबी-फारसीतून कैसर. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया कैसर-ए-हिंद झाली तेव्हापासून इथे घरोघर माहीत असलेला शब्द. आणि पंडिता रमाबाईंना १९१९ साली जे पदक मिळालं त्याचं नावही कैसर-ए-हिंदच. हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या बाईच्या हातात कैसराचं नाव कोरलेलं पदक! पण त्याच बाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या, आणि १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होतात म्हणून वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारत होत्या. म्हणून कैसर राहू द्या, सम्राट लिहिलंत तर हे सगळं पुसलं जातं.

शुद्धमती:
इतिहास तळटीपेत द्या, पोरांना ओळ कळू द्या.

वसईची_वाडी:
मला त्या ज्येष्ठांचा ‘पडायचं नाही’ जास्त खटकला. हरित वसई आंदोलनाच्या वेळी फादर दिब्रिटो जमिनीसाठी, पाण्यासाठी पुढे उभे राहिले तेव्हा आमच्याकडेही काही जण म्हणायचे फादर राजकारणात पडले. विहिरीत पडतात, भानगडीत पडतात, तसं. गावातल्या विहिरी टँकरवाले उपसत होते, त्याबद्दल बोलणं म्हणजे पडणं? धर्मगुरूने सत्तेचं पद घ्यायचं नाही हा चर्चचा नियमच आहे, पण ते सत्ताकारण झालं, राजकारण नाही.

जुनी_वही:
बखरीत राजकारण म्हणजे मसलत, आतून चाललेली बोलणी. पडणे हा शब्द त्यातूनच चिकटला असेल.

शुद्धमती:
प्रेमातही पडतातच की, तिथे कुठली मसलत?

वसईची_वाडी:
आमच्या बोलीत ‘राजकारणात शिरला’ म्हणतात, उतरला फक्त निवडणुकीला. नगरकडे काय म्हणतात?

नगरची_लेक:
आजोबा ‘नादी लागला’ म्हणायचे. छपाईला गुरुवारी द्यायचंय, फेडा लिहिलं तर जुन्या माणसांना पाठ असलेली ओळ तुटते, कुणीतरी सांगा.

जुनी_वही:
नादी लागणे बघायला हवं, नाद म्हणजे आवाज की छंद?