मदत हवी आहे: पांडाजमध्ये (पायथनची तक्त्यातल्या डेटासाठीची लायब्ररी) आजची ओळ कालच्या ओळीवर अवलंबून असेल तर लूप कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी,
पाच तालुक्यांचा रोजचा पाऊस एका डेटाफ्रेममध्ये (पांडाजचा तक्ता) आहे. कॉलम चार: तालुका, तारीख, पाऊस, बाष्पोत्सर्जन म्हणजे जमीन-पिकांतून उडून जाणारं पाणी (शेवटचे दोन मिमीमध्ये). मला जमिनीतल्या ओलाव्याचा पाचवा कॉलम हवाय. कालचा ओलावा + आजचा पाऊस − आजचं बाष्पोत्सर्जन. जमिनीत १२० मिमीच मावतं असं धरलंय, वरचं वाहून गेलं. शून्याखाली जायचं नाही.

"लूप कशाला, कमसम (चालती बेरीज) वापर" हा सल्ला जिथे तिथे मिळतो. इथे तो फसतो. समजा ओलावा ११०, पाऊस ४०, बाष्पोत्सर्जन ५. बेरीज १४५, म्हणजे १२०. दुसऱ्या दिवशी कोरडं, बाष्पोत्सर्जन पुन्हा ५, तर ११५ यायला हवं. कमसम १४० धरून बसतो, क्लिप केलं (१२० च्या वरचं कापलं) की पुन्हा १२०!

मग इटररोजने (एकेक ओळ हातात देणारी पद्धत) प्रत्येक ओळीत ओलावा भरला. एरर नाही, पण शेवटी कॉलममध्ये नुसती शून्यं. शिवाय भयंकर हळू.

प्रतिसाद:
इटररोज प्रत्येक ओळीची वेगळी सिरीज बनवून देतं. तिच्यात लिहिलेलं मूळ फ्रेममध्ये पोचेलच असं नाही, आणि वेळही त्या बनवण्यातच जातो. पाऊस आणि बाष्पोत्सर्जन हे दोन्ही कॉलम टू-नंपायने अ‍ॅरेत (साध्या आकड्यांच्या रांगेत) घ्या, झिप लावून दोन्ही जोडीने फिरवा, उत्तरं लिस्टमध्ये अपेंड करा, कॉलम शेवटी एकदाच भरा. अशा हिशेबाला लूपच लागतो, त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद:
तालुक्यावर ग्रुपबाय करा (तालुकावार गट पाडा), नाहीतर एकाचा शेवटचा ओलावा पुढच्याच्या पहिल्या दिवसात शिरेल. आणि तारखा मजकूर असतील तर सॉर्ट केल्यावर १ जुलै २ जूनच्या आधी येईल. मजकुराची तारीख करणाऱ्या टू-डेटटाइममध्ये डेफर्स्ट ट्रू (दिवस आधी, मग महिना) द्या.

धागाकर्ता:
वा, सेकंदात झालं! पण एका तालुक्यात कोरड्या ऑगस्टमध्ये अचानक १२० दिसतंय. त्या दिवशी पावसाचा रकाना रिकामा आहे.

प्रतिसाद:
मॅक्स(०, मिन(१२०, बेरीज)) असं लिहिलंय ना? रिकामा रकाना म्हणजे नॅन ('आकडा नाही' अशी खूण), आणि तो मिसळला की बेरीजही नॅन. नॅनशी केलेली लहान-मोठी तुलना कायम फॉल्स (खोटी), म्हणून मिन पहिला आकडा परत देतं: १२०. मिन-मॅक्स आतबाहेर केलेत तर ० येईल, तेही खोटंच. लूपमध्ये आधी नॅन तपासा. सरसकट फिलएनएने (रिकामे रकाने भरणारी सोय) शून्य भरू नका, नोंद नसणं म्हणजे पाऊस नसणं नव्हे. शेजारच्या केंद्राचा आकडा मिळतो का बघा.