मदत हवी आहे: स्पाइनच्या ऑपरेशनमध्ये भुलीसाठी प्रोपोफॉलसोबत केटामाइन?

नमस्कार मंडळी. किशोरवयीन मुलीची स्कोलिओसिसची (कणा वाकडा असण्याची) केस आहे, एमईपी (मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा हालचालीचा सिग्नल) आणि एसएसईपी (मेंदूकडे येणारा संवेदनेचा सिग्नल) दोन्ही मॉनिटरिंग. भुलीचा गॅस टाळून शिरेतून प्रोपोफॉल आणि फेंटानिल (वेदनाशामक) यांचं सलग इन्फ्युजन ठेवणार. रिलॅक्संट (स्नायू शिथिल करणारं औषध) फक्त इंट्युबेशनपुरतं, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालण्यापुरतं. अडचण अशी, की प्रोपोफॉल वाढवलं की एमईपी उतरतं, आणि तासन्‌तास इन्फ्युजन चाललं की बीपी, तापमान ठीक असूनही सिग्नल हळूहळू विरत जातो. मग सर्जन विचारणारच, 'कण्यातल्या स्क्रूमुळे की तुमच्या औषधामुळे?' (पायांबरोबर हातांचाही सिग्नल पडला तर बोट आपल्याकडेच, म्हणजे भुलीकडे, येतं, आणि बहुधा बरोबरच येतं.) प्रोपोफॉल कमी करून थोडं केटामाइन जोडावं म्हणते, ते एमईपी फारसं दाबत नाही. डेक्समेडेटोमिडिनची (गुंगीचं औषध) मात्र जास्त डोसला एमईपी दबण्याची धास्ती वाटते. तुम्ही केटामाइन कोणत्या डोसने चालवता? बंद कधी करता? जाग यायला उशीर होतो का?