साउंड ऑफ म्युझिक पुन्हा पाहिला आणि माझा पक्षच बदलला

घोडबंदरी:
रविवारी मेगाब्लॉक, वर पाऊस. घरीच 'साउंड ऑफ म्युझिक' लावला, नाझी ऑस्ट्रियात घुसतात त्या काळातला इंग्रजी गाण्यांचा सिनेमा. याआधी पाचवीत असताना पाहिला होता, वर्तकनगरच्या घरी, भाड्याने व्हीसीआर आणून, अर्धी बिल्डिंग सतरंजीवर. तेव्हा मुलांना सांभाळायला आलेली मारिया म्हणजे आपली ताई आणि त्यांचा बाप, कॅप्टन, म्हणजे एक नंबरचा खडूस. शिट्टी फुंकून सात पोरांना रांगेत उभं करणारा बाप! पुढे कित्येक दिवस आम्ही पीटीच्या सरांना कॅप्टनच म्हणायचो.

या खेपेला उलटंच झालं. तळ्याकाठी मारियावर डाफरून, तिला कामावरून काढून तो घराकडे वळतो आणि आतून पोरांचं गाणं ऐकू येतं. दारात थबकतो. मग हळूच त्यांच्या सुरात सूर मिसळतो. बायको गेल्यावर ज्याने घरातलं गाणंच बंद करून टाकलं, तो माणूस! मला आवंढा गिळता येईना. मी स्वतः पोरीला जेवायला बोलावतो ते व्हॉट्सअ‍ॅपवर, मध्ये एक भिंत आहे फक्त. त्यापेक्षा शिट्टी बरी.

माझं म्हणणं एवढंच, हा सिनेमा मारियाचा नाही, कॅप्टनचा आहे. बोला.

नेरूळची मावशी:
अजिबात पटलं नाही. बापाला बापच दिसणार, त्यात नवल ते काय. त्याने दोन ओळी गायल्या की तुम्ही गहिवरलात. आणि जी पडद्यांचे कपडे शिवते, विजा कडाडल्यावर सातही जणांना आपल्या पलंगावर घेते, तिचं काहीच नाही?

मी बालवाडीची बाई. 'डो रे मी' नीट ऐका. आधी प्रत्येक स्वराला एकेक ओळखीची गोष्ट बांधते, 'डो' म्हणजे हरिणी, 'रे' म्हणजे उन्हाची तिरीप. ते पक्कं झालं की स्वर उलटेसुलटे करून गाऊन घेते. हा धडा आहे हो, चांगला बांधलेला धडा. लहानपणी मला फक्त चाल आवडायची.

आता खुपलं ते सोळा-सतरा वर्षांचं गाणं. थोरल्या मुलीला 'तुला जग कळत नाही, मी सांभाळीन' असं म्हणणारा तिचा तो पोरगाच शेवटी पळून निघालेल्या या कुटुंबाला मठात लपलेलं पाहून नाझी साहेबाला हाका मारतो. मूळ नाटकात तो गप्प राहून यांना जाऊ देतो. सिनेमाने बदललं ते छान केलं.

नौपाड्याचा खवचट:
दोघंही खोट्या गोष्टीवर भांडताय. खरी मारिया एका आजारी मुलीला शिकवायला आली होती, सातांची गव्हर्नेस म्हणून नव्हे. लग्न 1927 ला, देश सोडला 1938 ला. तोवर तिच्या स्वतःच्या दोन मुली झालेल्या, तिसरं मूल पोटात. सिनेमाच्या शेवटासारखं डोंगर वगैरे कुणी चढलं नाही, आगगाडीत बसून इटलीला गेले. साल्झबर्गचा तो डोंगर ओलांडला तर माणूस जर्मनीत उतरतो! पोलिसांना चुकवायला येऊरचा डोंगर चढावा आणि थेट चौकीच्या अंगणात उतरावं, तसं.

खऱ्या घरात गाणं मारिया यायच्या आधीपासून होतं. बाप मायाळू, तापट ती. मुलांना सिनेमातला बाप आवडला नाही तो उगाच नव्हे. (शिट्टी मात्र खरी.) शिवाय तुमचा कॅप्टन गातो तो आवाज बिल ली या गायकाचा.

खरं खटकतं ते वेगळंच. मार्च 1938 मध्ये व्हिएन्नात हिटलरच्या स्वागताला चौक भरभरून लोक आले होते. सिनेमात मात्र तो नाझी झेलर आणि घरचा बटलर असे मोजके सोडले तर सगळा ऑस्ट्रिया बिच्चारा. 174 मिनिटांत ती गर्दी दाखवायला वेळ झाला नाही?

वन्स मोअर:
खवचट, 'संगीत सौभद्र' बघताना हे विचारता का? तिथे तर नारदसुद्धा ताना मारतो. आमचे आजोबा रात्र रात्र बसून संगीत नाटकं ऐकायचे, महाभारतात काय लिहिलंय ते उघडून बघायला कुणी गेलं नाही. गाण्याच्या गोष्टीला गाण्याचे कायदे.

नौपाड्याचा खवचट:
सौभद्रातल्या सुभद्रेचे शेजारी छळछावणीत गेले नव्हते.

घोडबंदरी:
ऑस्ट्रियाचं मान्य. कॅप्टन गातो ते 'एडलवाइस' गाणं मी त्यांचं जुनं लोकगीत समजत होतो. ते 1959 च्या ब्रॉडवे नाटकासाठी लिहिलेलं निघालं. त्याचा गीतकार हॅमरस्टीन पुढच्याच वर्षी गेला. तरी महोत्सवात कॅप्टनचा आवाज अडकतो, मारिया पुढे होऊन सूर उचलते आणि मग सगळं सभागृह गातं, तिथे माझा तर्क बंद पडतो. आवाज बिल लीचा असला म्हणून काय झालं, अडकतो तो चेहऱ्यावर.

खरा बाप मायाळू होता हे वाचून मात्र थोडं वाईटच वाटलं. का, ते विचारू नका.

नेरूळची मावशी:
कळलं का ते. असो. लेकीचं काय म्हणणं?

घोडबंदरी:
ती बॅरोनेसच्या, म्हणजे कॅप्टनशी आधी लग्न ठरलेल्या बाईच्या बाजूने! 'बाबा, त्या बाईचं काय चुकलं? लग्न ठरलेलं मोडलं, तरी बॅग भरून शहाण्यासारखी गेली.' मी म्हटलं, अगं, मुलांना बोर्डिंगात पाठवायला निघाली होती. तर म्हणे, 'सात जणं होती, बाबा.'

नौपाड्याचा खवचट:
पोरगी हुशार आहे. बॅरोनेसचा वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.