पायथन: टेक्स्ट फाइलमधील आधीच्या नोंदी का पुसल्या जातात?

प्रश्न

नमस्कार. वाचलेल्या पुस्तकांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये साठवणारा एक छोटा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आहे. तो पुस्तकाचे नाव विचारतो आणि 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडलेल्या फाइलमध्ये 'राइट'ने लिहितो. मात्र प्रोग्राम पुन्हा चालवला की आधीचे नाव जाऊन फक्त नवे उरते. शिवाय नाव लिहून झाल्यावर, प्रोग्राम चालू असतानाच फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर ती रिकामी दिसते. दोन्हींचे मूळ एकच आहे का?

प्रतिसाद १

नाही, कारणे वेगळी आहेत. 'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल उघडताक्षणीच तिच्यातील मजकूर पुसला जातो; त्यानंतर आपण एक अक्षरही लिहिले नाही, तरी ती शून्य बाइटची होऊन बसते. (माझी आठवडाभराची टिपणे अशीच गेली आहेत.) आधीचे राखून शेवटी भर घालायची असेल, तर 'ए' मोड वापरावा. 'प्रिंट' आपणहून ओळ बदलते, 'राइट' बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक नावानंतर बॅकस्लॅश-एन (नव्या ओळीची खूण) जोडला नाही, तर सगळी नावे एकमेकांना चिकटतील.

रिकाम्या फाइलचे कारण बफर. लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो आणि बफर भरल्यावर, 'फ्लश' केल्यावर किंवा फाइल 'क्लोज' केल्यावरच पुढे जातो. फाइल 'विथ'मध्ये उघडली, तर मध्येच एरर आली तरी ती बंद होतेच.

प्रतिसाद २

एक पुरवणी. नाव यादीत आधीच आहे का, हे तपासण्यासाठी 'ए प्लस' (भर घालणे आणि वाचणे दोन्ही) मोड वापरण्याचा मोह होईल. पण त्यात वाचनाची जागा फाइलच्या शेवटी असते, म्हणून 'सीक'ने शून्यावर परतल्याशिवाय 'रीड' रिकामी स्ट्रिंगच देते. माझ्या मते नवशिक्याने आधी 'आर' मोडमध्ये वाचून फाइल बंद करावी आणि मग 'ए'मध्ये उघडावी.

प्रश्नकर्ता

'विथ' आणि 'ए' वापरल्यावर यादी टिकू लागली, आभारी आहे. परंतु देवनागरीत नाव लिहिताच युनिकोड-एन्कोड-एरर येते. विंडोज वापरतो.

प्रतिसाद १

विंडोजवर पायथन बऱ्याचदा सीपी-१२५२ हे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये बदलण्याचा तक्ता) गृहीत धरते आणि त्या तक्त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. 'ओपन'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट द्यावे, आणि तेही लिहिताना व वाचताना दोन्ही वेळा. फक्त लिहिताना दिले, तर वाचताना अगम्य चिन्हे दिसतील किंवा 'नमस्ते'सारख्या शब्दावर गाडी अडेल, कारण 'स्ते'मधील हलन्तचिन्हाच्या शेवटच्या बाइटसाठी सीपी-१२५२ मध्ये कोणतेही अक्षर नाही. याच शब्दाची 'लेन' (स्ट्रिंगमधील चिन्हांची संख्या) 6 येते आणि फाइलमध्ये मात्र तो 18 बाइट घेतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये 3 बाइटचे असते, तेव्हा फाइलचा आकार पाहून दचकू नये.