बाई तत्त्वज्ञ असली, तर आधी तिचं आयुष्य वाचायचं की तिचा विचार?

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, एक वाद मांडते. आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

दर दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा बायका आणि तीन पुरुष इथल्या एका वाचनालयाच्या माडीवर जमतो. यंदा विसाव्या शतकातल्या स्त्री तत्त्वज्ञ वाचायच्या ठरवल्या. सिमोन द बोव्हारचं 'द सेकंड सेक्स' करुणा गोखले यांच्या अनुवादामुळे मराठीत आहे. बाकीच्यांची दोन-तीन पानं मी जमेल तशी मराठीत करते आणि झेरॉक्स वाटते. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात त्या बाईचं आयुष्य, खाली उतारा. मागच्या बैठकीत एक निवृत्त सर कागद हातात धरून म्हणाले, "कांट शिकवताना त्याचा स्वयंपाक कोण करायचं हे सांगता का? मग बाई आली की आधी तिचं लग्न, तिचा आजार, तिचं मरण कशाला?" दोघीतिघींनी माना हलवल्या. मला तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं.

कांटचा स्वयंपाक कोण करायचं हे सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ मेरी मिजलीने १९५०च्या दशकात रेडिओसाठी एक भाषण लिहिलं. त्यात तिने युरोपातल्या थोर तत्त्वज्ञांची नावं घेतली: प्लेटो, देकार्त, स्पिनोझा, लाइब्निझ, ह्यूम, कांट. सगळे बिनलग्नाचे. 'माझ्याखेरीज जगात दुसरं मन आहे कशावरून?' हा प्रश्न एकट्या खोलीत बसलेल्यालाच एवढा मोठा वाटतो. जिने पोटात मूल वाढवलं, अंगावर पाजलं, ती तिथून सुरुवात करणारच नाही, असा तिचा रोख. घरातल्या गोष्टी विचारात कशाला आणता, म्हणून संपादकाने ते भाषण नाकारलं. मिजलीने तीन मुलगे वाढवले. तिचं पहिलं पुस्तक १९७८ साली आलं, तेव्हा ती साठीला टेकली होती.

दुसरी एडिथ श्टाइन. 'दुसऱ्याचं दुःख मला कळतं म्हणजे नेमकं काय होतं?' हा तिच्या प्रबंधाचा विषय, डॉक्टरेट १९१६ची. मग तिचे गुरू, जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांची सहायक. त्यांच्या लघुलिपीतल्या टिपांचे ढीग उलगडायचे, जुळवायचे, लिहून काढायचे. स्वतः विद्यापीठात शिकवायची पात्रता मागायला गेली तेव्हा बाई म्हणून दार बंद. तिने सरकारदरबारी अर्ज केला आणि १९२० साली प्रशियाच्या मंत्र्याकडून निर्णय आला, की बाई असणं ही अडचण धरता येणार नाही. जागा मात्र तिला मिळालीच नाही. जन्माने ज्यू, पुढे ख्रिस्ती संन्यासिनी झाली, १९४२ साली नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारली गेली. हे सगळं पुसून मी तिच्या प्रबंधाचं पान वाटायचं?

आणि १९१६ म्हटलं की आपल्या गावाची आठवण येतेच. त्याच साली प्रताप शेठजींनी अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तत्त्वज्ञ मलकानी इथे होते, कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे राहिले, अद्वैतावर इथे जे लिहिलं गेलं ते देशभर वाचलं गेलं. कापडगिरणीही त्याच शेठजींची. एका बाजूला गिरणीतले साचे, म्हणजे माग, चालायचे, दुसऱ्या बाजूला ब्रह्माची चर्चा. ती चर्चा मला मोलाचीच वाटते. पण लहानपणापासून एक विचारावंसं वाटतं: त्या साच्यांवर उभ्या राहिलेल्यांना काय वाटत होतं, हे तत्त्वज्ञानात का धरलं नाही?

तुमचं मत सांगा. पटलं नाही तर तसंही सांगा.

पांझरा (धुळे)

बोरीकाठ ताई, मी त्या सरांच्या बाजूचा आहे.

श्टाइनचा प्रबंध १९१६चा आणि ऑशविट्झ १९४२चं. प्रबंध लिहिणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला पुढचं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही वरच्या अर्ध्या पानात मरण सांगता आणि मग खालचा उतारा लोक डोळ्यांत पाणी आणून वाचतात. तिची मांडणी बरोबर की चूक, हे मग कोण तपासणार? हुतात्म्याशी कोणी वाद घालत नाही. तत्त्वज्ञाशी मात्र वाद घालणं हाच त्याचा मान.

एलिझाबेथ अ‍ॅन्स्कोमचं एक उदाहरण देतो, १९५७च्या पुस्तकातलं. आपल्या बाजारात आणून सांगतो. बायकोने यादी दिली आणि माणूस जळगावच्या दाणाबाजारात गेला. एक गुप्तहेर त्याच्या मागावर आहे. तो माणूस पिशवीत जे जे टाकतो ते हेर वहीत उतरवतो. शेवटी दोन याद्या झाल्या आणि दोन्हींवर तीच नावं: तूरडाळ, गूळ, चहा. आता समजा पिशवीत तुरीऐवजी हरभराडाळ निघाली. हेराच्या वहीत तूर असेल तर चूक वहीत आहे, त्याने खोडून दुरुस्त करावं. पण बायकोच्या यादीत तूर आहे म्हणून नवरा पेन काढून 'हरभरा' लिहायला लागला तर? यादी तशीच राहायला हवी, चूक पिशवीत आहे. शब्द तेच, पण एक यादी जगाकडे बघून लिहिलेली आणि दुसरीकडे बघून जग बदलायचं. जाणणं आणि करू बघणं यांतला फरक किराणाच्या दोन कागदांत दाखवला! चाळीस वर्षं शिकवलं मी, इतकी स्वच्छ उदाहरणं फार थोडी सापडली.

हे कळायला अ‍ॅन्स्कोमला मुलं किती होती, हे लागलं का?

सरकी (धरणगाव)

माझी आई जिनिंगमध्ये जाते. चौदा वर्षं झाली. कापसातली कवडी, पाला, काडी वेचायची. घरी आली की आधी अंगणात पदर झटकते, तरी भुवयांवर रुई राहतेच.

सिमोन वेल हे नाव मला कॉलेजात कळलं. फ्रान्समधली तत्त्वज्ञानाची शिक्षिका. १९३४च्या डिसेंबरात रजा घेऊन ती पॅरिसच्या कारखान्यात कामगार म्हणून लागली, पुढे रेनोच्या मोटार कारखान्यात. मध्ये आजारपणं, कामावरून काढणं, असं करत १९३५च्या ऑगस्टपर्यंत. तिने लिहिलंय, की तिथे माणसाला गुलाम करणाऱ्या गोष्टी दोन: गती आणि हुकूम. हात विचारापेक्षा जोरात चालवायचे, आणि येणारा प्रत्येक हुकूम गिळायचा. त्यात टिकायचं तर विचार करणं थांबवावं लागतं.

मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गती आन हुकूम बराबर शे. पन मुकादमनी नजर ऱ्हायनी ना."

पांझरा काका, मला सांगा, ही तिसरी गोष्ट कोणत्या पुस्तकात बसून सुचली असती?

पांझरा (धुळे)

बाळा, तुझ्या आईने जे म्हटलं ते मी वहीत लिहून घेतलं. पण बघ, तू तिला वेलचं आयुष्य सांगितलंस का? तिला दोन शब्द सांगितलेस, गती आणि हुकूम. तिने ते तपासले आणि एक कमी पडतोय म्हणाली. हेच मी मागतोय.

सरकी (धरणगाव)

आयुष्यही सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, की त्या बाईला सोडून जाता येत होतं. पाठीमागे नोकरी होती, डॉक्टर बाप होता. हे ठाऊक नसतं तर आईने वेलला आपल्यासारखीच समजून मान डोलावली असती. कुठे थांबायचं ते तिला आयुष्यामुळे कळलं.

लेवा_लेक (भुसावळ)

सगळी नावं युरोपची. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं नाव वर आलंच आहे, तर त्यांनीच 'विचारांतलं स्वराज्य' मागितलं होतं हेही आठवा. राज्य परक्याचं गेलं तरी आपण त्यांच्याच कल्पनांनी विचार करत राहिलो तर गुलामी संपत नाही, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडे असोद्याची बहिणाबाई आहे. १८८० ते १९५१. अर्धं विसावं शतक तिचं आहे. आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. तिला तत्त्वज्ञ म्हणायला आपली जीभ का अडते?

गिरणा (चाळीसगाव)

जीभ कुठे अडते? भाषणात सगळेच म्हणतात, "थोर तत्त्वज्ञ कवयित्री". आणि म्हणून झालं की पुढे काही नाही. माझा राग त्यावर आहे.

मुळात पांझरा सरांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा बहिणाबाईच आहेत. शाळेपासून काय ऐकलं आपण? निरक्षर, लवकर वैधव्य, जात्यावर ओव्या, मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवलं, आचार्य अत्र्यांना दाखवलं, १९५२ साली पुस्तक आलं. आयुष्य इतकं सुंदर सांगता येतं, की कवितेतल्या विचाराकडे कोणी वळतच नाही. "अक्षर येत नसून किती छान बोलली", यावर आपण थांबतो.

'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर. किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर'. खानदेशातल्या लेकराला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. पण त्यातला युक्तिवाद बघा. गीतेत अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण, आणि कृष्ण उपाय देतो: अभ्यास आणि वैराग्य. बहिणाबाई हाकलून दमतात आणि उपाय देत नाहीत. पीक उभं आहे, ढोर भुकेलं आहे, ते येणारच. शेवटाकडे त्या थेट देवाला विचारतात, 'देवा, कसं देलं मन?' बिघाड माणसाच्या साधनेत नाही, घडवणाऱ्यालाच विचारायला हवं, इथवर त्या जातात. हा गीतेशी मतभेद आहे. यावर कधी चर्चा ऐकलीत?

(ती भाषा लेवा गणबोली आहे. अहिराणी म्हणून सरसकट छापतात, तेही थांबायला हवं.)

लेवा_लेक (भुसावळ)

बोलीबद्दल लिहिलंत, आभार. पण 'उभ्या पिकातलं ढोर' हे ढोर हाकललेल्या बाईलाच सुचणार. आयुष्य बाहेर कसं काढाल?

केळीबाग (रावेर)

मी एवढं शिकलेली नाही, पण एक सांगते. ताईंच्या गटातून माझ्या मावसबहिणीने आयरिस मर्डॉकचा कागद पाठवला होता. त्यात एक सासू आहे. सुनेशी ती अगदी नीट वागते, तोंडातून वावगा शब्द नाही. मनात मात्र, की पोरगी गावठी आहे, आवाज मोठा, रीत नाही. पुढे सून समोर नसते, दूर गेली म्हणा. सासू स्वतःशी म्हणते, माझाच डोळा जुना असेल, पुन्हा बघू. मग तिला दिसतं की पोरगी गावठी नाही, साधी आहे. गोंगाट करणारी नाही, हसरी आहे. बाहेर काहीच बदललं नाही. वागणं आधीही चांगलं होतं. तरी सासूने काहीतरी मोठं काम केलं, असं मर्डॉक म्हणते.

मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. केळीचे घड उतरवायला माणसं आली होती, त्यांचा चहा चालला होता. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुनेनंबी बघायला पायजे पुन्हा." आणि कपबश्या गोळा करायला लागल्या.

मर्डॉकचं लग्न झालं होतं का, सासू होती का, मला ठाऊक नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

पांझरा (धुळे)

केळीबाग ताई, तुम्ही माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. मला दोन गोष्टी मान्य करायच्या आहेत आणि एक नाही.

श्टाइनच्या बाबतीत पांझरा सर बरोबर आहेत. मी मरण आधी सांगितलं, ती चूक झाली. सांगायचं होतं ते वेगळंच: प्रबंधाआधी, १९१५ साली, ती लष्करी रुग्णालयात जखमींची शुश्रूषा करत होती. दुसऱ्याचं दुःख कसं कळतं, हा प्रश्न तिच्यासाठी खाटेशेजारचा होता. बहिणाबाईंबद्दल गिरणा यांनी लिहिलं तेही खरं. कौतुकाचं आयुष्य विचार गिळून टाकतं.

अ‍ॅन्स्कोमचं मात्र मान्य नाही. किराणाच्या याद्यांच्या आदल्या वर्षी, १९५६ साली, ऑक्सफर्ड विद्यापीठ अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायला निघालं. अ‍ॅन्स्कोम सभेत उभी राहिली आणि विरोध केला, कारण हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकायचा निर्णय त्यांचा. तिच्या बाजूने मोजून तीन-चार माणसं. समोरून उत्तर काय येतं? त्यांनी फक्त कागदावर सही केली, जबाबदारी किती जणांची होती. एखादा माणूस 'फक्त सही करतो' तेव्हा तो खरं म्हणजे काय करत असतो? याचा छडा लावायला तिने हेतू म्हणजे काय हे मुळापासून तपासलं. सर, तुमच्या तूरडाळीच्या पिशवीमागे ती सही आहे. हे कळल्यावर उदाहरण कमी स्वच्छ होतं का?

आणखी एक. हाना आरेंटने १९६४ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं की मी तत्त्वज्ञ नाही, माझा विषय राजकीय सिद्धान्त. बोव्हारही म्हणायची, तत्त्वज्ञ तो सार्त्र (तिचा जोडीदार), मी नाही. १९२९च्या तत्त्वज्ञानाच्या ज्या परीक्षेत तो पहिला आला त्यात ती दुसरी होती, वयाच्या एकविसाव्या वर्षी. दोघींनी ते नाव का नाकारलं? आरेंटचं कारण तत्त्वज्ञानाच्या राजकारणाशी असलेल्या जुन्या वैरात आहे. बोव्हारचं कारण शोधायला मला तिच्या आयुष्यातच जावं लागतं.

पांझरा (धुळे)

ट्रुमनचं मला ठाऊक होतं. शिकवताना मी ते मुद्दाम टाळलं, कारण मुलं बॉम्बवर बोलायला लागतात आणि यादी राहून जाते. प्रश्न कुठून सुचला ते एक आणि उत्तर खरं आहे का ते दुसरं, या दोन गोष्टी मी एकत्र होऊ देणार नाही. सही नसती तरी दोन याद्यांतला फरक तितकाच खरा राहिला असता.

एक सुचवतो. पुढच्या बैठकीला कागदावर नाव नको, आयुष्य नको. नुसता उतारा द्या. तासभर वाद होऊ द्या. नंतर सांगा कोणाचा आहे ते.

बोरीकाठ (अमळनेर)

अ‍ॅन्स्कोमच्या उताऱ्याला करू या तसं. वेलच्या नाही. कारखान्यातली पानं कोणी लिहिली हे न सांगता वाटणं मला जमणार नाही, आणि सरकीच्या आईने का जमू नये ते सांगितलंच आहे.

सरकी (धरणगाव)

ताई, आईला यायचंय. तिला वाचता येत नाही. आणि सध्या हंगाम आहे, रविवारीही पाच वाजता सुटी होते.

बोरीकाठ (अमळनेर)

मग साडेसहाला ठेवते. मी मोठ्याने वाचेन.

पांझरा (धुळे)

मीही येतो. वेलचा कागद असला तरी माझ्या प्रतीवर वरचं अर्धं पान दुमडून ठेवा, मी शेवटी उघडीन.