बेपत्ता तरुणी : ओळखीसाठी घरातलं काय जपायचं?

प्रश्न (सांगली) : कृष्णाकाठी हाडं सापडलीत. डीएनए जुळवायला मुलीच्या घरातलं काय लागेल?

उत्तर १ : तिचा टूथब्रश, कंगवा. केस मुळासकट हवेत. तुटक्या केसातून बहुतेकदा मायटोकॉन्ड्रियल डीएनएच (फक्त आईकडून येणारा) मिळतो, आणि तो आई, भावंडं, मावश्या यांचा सारखाच, म्हणून त्यावरून नेमकी तीच असं ठरत नाही. पंचनाम्याआधी खोली झाडू नका.

उत्तर २ : ओला ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी धरते, डीएनए सडतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात, वर लाखेचं सील. (उन्हात अजिबात नको.)

उत्तर ३ : ब्रश नेमका तिचाच कशावरून? म्हणून आईवडील दोघांचं रक्त घ्यायला सांगा, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत. सापडलेल्या हाडांतलं मांडीचं हाड किंवा शाबूत दाढ तपासणीला द्यायची. ती फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवायचं द्रावण) बुडवली तर डीएनएचे तुकडे होतात.