वर्गीकृत सारणीचा मध्यक: १२.५ की १३?

नौपाडाकर
ठाणे स्टेशन पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत किती मिनिटं थांबावं लागतं, यावर दहावीच्या मुलांच्या प्रकल्पासाठी ६० प्रवाशांची सारणी केली आहे.
१–५ मिनिटं: ८ जण
६–१०: १४
११–१५: २०
१६–२०: १२
२१–२५: ६
मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या प्रवाशाचा वेळ; तो ज्या गटात पडतो तो मध्यकीय वर्ग ११–१५, यात वाद नाही. पण मध्यक काही मुलांचा १२.५ येतो, काहींचा १३. एकाने एक्सेलचं मीडियन फंक्शन वापरलं, त्याचा १२. कोणता धरायचा?

ऐरोली सेक्टर ८
आधी एक्सेलचं बघू. त्याला ८, १४, २०, १२, ६ हे आकडे दिले असणार. ते चढत्या क्रमाने लावले की मधला १२. पण ते १२ प्रवासी आहेत, १२ मिनिटं नव्हेत! खऱ्या उत्तराच्या जवळ पडलं म्हणून चूक लक्षात येत नाही, एवढंच.

आता सूत्र. एकूण वारंवारतेचे (प्रवासीसंख्येचे) निम्मे ३०. संचित वारंवारता, म्हणजे वरून खाली करत गेलेली बेरीज, ८, २२, ४२, ५४, ६०. ३० पहिल्यांदा ४२ मध्ये सामावतात. वर्ग सलग नाहीत (१० नंतर थेट ११), म्हणून ११–१५ चा १०.५–१५.५ करायचा. खालची मर्यादा १०.५, वर्गांतर ५, आधीच्या वर्गाची संचित वारंवारता २२.
१०.५ + (३० − २२) ÷ २० × ५ = १२.५

मुलं हमखास अडखळतात ती २२ च्या जागी. त्याच ओळीतले ४२ घेतले तर उत्तर ७.५ येतं, म्हणजे मध्यकीय वर्गाच्या बाहेर. असं झालं की संचित वारंवारतेची ओळ चुकली समजा. आणि वर्गांतर १५ − ११ = ४ धरू नका.

कळवा पूर्व
३० ऐवजी ३०.५ का नाही, हेही मुलं विचारतील. सुट्या आकड्यांत मधलं पद शोधतो तेव्हा (६० + १) ÷ २ ठीक. इथे वर्गातली माणसं त्या वर्गभर सारखी पसरली आहेत असं गृहीत धरून आयतालेखाचं (हिस्टोग्रामचं) क्षेत्रफळ अर्धं करतो, त्यामुळे निम्मेच घ्यायचे.

आता १३ चं. १३ वाली मुलं ११ पासून मोजतात, वर्गांतर ५ च धरतात. ते चूक की बरोबर, हे वेळ कसा नोंदवला त्यावर ठरतं. जवळच्या मिनिटाला आणला असेल तर १०.५ बरोबर. सेकंद सोडून नुसती पूर्ण मिनिटं लिहिली असतील, तर १५ मिनिटं ५० सेकंदवालाही ‘१५’ मध्येच बसतो आणि वर्ग खरा ११–१६ होतो. पूर्ण वर्षांत सांगितलेल्या वयाचंही असंच.

नौपाडाकर
मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघून सेकंद सोडून दिले होते.

कळवा पूर्व
मग १३ च लिहा, आणि सेकंद सोडल्याचं सारणीखाली नमूद करा. पेपरात मात्र नोंदीची पद्धत दिलेली नसते. तिथे ०.५ ची दुरुस्तीच करायची, म्हणजे १२.५.

ऐरोली सेक्टर ८
मान्य. पडताळ्यासाठी आलेखकागदावर संचित वारंवारता वक्र काढून घ्या. बिंदू वर्गमध्यावर नकोत, वरच्या मर्यादेवर हवेत: (१, ०) पासून सुरुवात, पुढे (६, ८), (११, २२), (१६, ४२), (२१, ५४), (२६, ६०). बिंदू पट्टीने जोडा. उभ्या अक्षावर ३० पासून आडवी रेघ नेली की ती वक्राला १३ वर छेदते.